'ॲग्रिकल्चर'चे खरे नातलग

इंग्रजी शब्दाचा उच्चार एखाद्या संस्कृत शब्दाच्या जवळपास गेला, की तो संस्कृतचाच अपभ्रंश असल्याचे समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले जाते. परंतु शब्दांचे नाते साम्यावरून नव्हे, तर ध्वनींतील नियमित फरकावरून सिद्ध होते.

'ॲग्रिकल्चर' हा शब्दही संस्कृतमधून नव्हे, तर लॅटिनमधून आला. 'अगेर' म्हणजे शेत, 'अग्री' म्हणजे शेताची आणि 'कुल्तुरा' म्हणजे मशागत. रोमन मुत्सद्दी थोरल्या कॅटोने इ.स.पू. 160च्या सुमारास याच विषयावर लिहिलेला ग्रंथ लॅटिन गद्यातील आज संपूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ होय.

'अगेर'चा संस्कृतातील सख्खा भाऊ म्हणजे ऋग्वेदातील 'अज्र', अर्थात मैदान किंवा माळ. आणि इंग्रजीतील भाऊ म्हणजे आपण रोज वापरतो तो 40 गुंठ्यांचा 'एकर'. या तिन्ही भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेतील एकाच मूळ ध्वनीचा लॅटिनमध्ये ग, संस्कृतात ज आणि इंग्रजीत क झाला. हा योगायोग नव्हे, कारण गुडघ्यासाठी लॅटिन 'गेनू', संस्कृत 'जानु' आणि इंग्रजी 'नी' (ज्याच्या आरंभीचे आज केवळ लिहिले जाणारे अक्षर पूर्वी क असे उच्चारले जाई) यांतही तोच क्रम आहे, आणि वंशवाचक 'गेनुस', 'जनस्' व 'किन' यांतही तोच. जर्मानिक भाषांतील, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या कुळातील, या बदलाचा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 साली सविस्तर मांडला. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की इंग्रजीत हा शब्द दोनदा आहे: 'एकर'मध्ये वारशाने आलेला, म्हणून क झालेला, आणि 'ॲग्रिकल्चर'मध्ये तो बदल होऊन गेल्यानंतर कित्येक शतकांनी उसना घेतलेला, म्हणून ग तसाच राहिलेला.

वरवर साम्य वाटले, तरी 'कुल्तुरा'चे नाते मात्र 'कृषी'शी नाही, कारण 'कृष्' म्हणजे ओढणे. 'कुल्तुरा' ज्यातून आला त्या 'कोलेरे' या क्रियापदाचा अर्थ जमीन कसणे, वस्ती करणे आणि पूजणे असा असून, त्याच्या मुळाशी असलेल्या 'फिरणे, वळणे' या अर्थाच्या धातूतूनच संस्कृत 'चर्' आणि 'चक्र' आले. मूळ धातूतील क-सारखा ध्वनी संस्कृतात मूळच्या 'ए'सारख्या स्वरापूर्वी च झाला (तो 'ए' स्वतः पुढे 'अ' झाला), इतरत्र क राहिला. 'चक्र' या एकाच शब्दात त्याची दोन्ही रूपे दिसतात.

'कोलेरे'पासूनच 'कोलोनुस', म्हणजे जमीन कसणारा, आणि त्यावरून 'कोलोनिया', म्हणजे रोमनांनी वसवलेली वसाहत, हे शब्द झाले. इंग्रजी 'कॉलनी' त्यातूनच आला, आणि इ.स. 50मध्ये असा दर्जा मिळालेल्या जर्मनीतील कोलोन शहराचे नावही.