चांदीत तांबं हवंच कशाला?

1697 साली इंग्लंडमध्ये नवा कायदा लागू झाला: चांदीची भांडी यापुढे 95.84 टक्के शुद्धतेचीच घडवायची. तोवर तिथली नाणी आणि भांडी दोन्ही स्टर्लिंग चांदीची असत, म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. कस एकच असल्यामुळे लोक नाण्यांच्या कडा कातरून, वितळवून त्यांची खुशाल भांडी करून घेत. कायद्याने ती सोय मोडली. पण ही जास्त चोख चांदी मऊ होती. 1720 मध्ये स्टर्लिंगची भांडी घडवायला पुन्हा मुभा मिळाली.

चांदीत हीण म्हणजे सोनाराची लबाडी, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. न सांगता मिसळलं तर ती लबाडीच. पण 7.5 टक्के तांब्याला तिथे खरंच काम असतं.

शुद्ध चांदीत सगळे अणू एकाच आकाराचे, थरावर थर नीट रचलेले. जोर पडला की हे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून 999 चांदीची, म्हणजे 99.9 टक्के शुद्ध चांदीची अंगठी वापरता वापरता वाकडी होते. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी लहान. तो मध्ये बसला की आजूबाजूची रचना ताणली जाते आणि थर अडखळतात. दोन्ही तापवून मऊ करून तुलना केली, तर एवढ्याशा तांब्याने चांदीचा कठीणपणा दुपटीहून अधिक होतो. वितळायलाही उष्णता कमी लागते: शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, तर स्टर्लिंग साधारण 890 अंशांपर्यंत पूर्ण पातळ झालेली असते.

या तांब्याची किंमत काळेपणात मोजावी लागते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. शुद्ध चांदीही यातून सुटत नाही. स्टर्लिंग मात्र लवकर काळवंडते, कारण तांब्यावरही तीच प्रक्रिया होते. टूथपेस्टने घासलं की तो थर जातो, पण त्यासोबत थोडी चांदीही जाते. त्यापेक्षा गरम पाण्यात खायचा सोडा घालून दागिना ॲल्युमिनियमच्या फॉइलला टेकवून ठेवावा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांवर हा प्रयोग नको. त्यांचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, आणि तोही बहुधा सल्फाइडचाच!

नाणं किंवा वळं घेऊन तिजोरीत ठेवायचं असेल तर 999 घ्यावं. रोजच्या पैंजणांना, अंगठीला 925च, म्हणजे स्टर्लिंगच बरी. फक्त हिशेब नीट करावा: 40 ग्रॅमच्या 925 पैंजणांत चांदी 37 ग्रॅमच असते, तेव्हा 999 चा भाव सगळ्या वजनाला लावू देऊ नये. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ या गोतावळ्यातलं नव्हेच. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी औषधालाही नसते.