जनुक सापडलं म्हणजे क्रोन्स होणारच?

‘आईला क्रोन्स आहे, म्हणजे मुलाला होणारच,’ हे क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन आजाराबद्दल वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही. २००१ मध्ये नॉड-२ या जनुकाचा या आजाराशी संबंध दिसला आणि ‘क्रोन्सचं जनुक सापडलं’ असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात हे जनुक जिवाणूंच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणारं प्रथिन बनवतं. त्यात बदल असलेल्या बहुतेकांना क्रोन्स कधीच होत नाही. उलट जपानी लोकांत या जनुकातले क्रोन्सशी जोडले जाणारे नेहमीचे बदल जवळपास सापडतच नाहीत, तरी तिथे रुग्ण आहेतच! सगळ्यात बोलका पुरावा एकसारख्या जुळ्यांचा: एकाला क्रोन्स असूनही दुसरा बऱ्याचदा निरोगीच राहतो. धूम्रपानाने मात्र धोका वाढतो, आणि ते काही जनुकांतून येत नाही.