निम्म्यांना रोग होऊन गेला की साथ थांबते?

'एका रुग्णापासून सरासरी दोघांना लागण होत असेल, तर निम्म्या लोकांना रोग होऊन गेला की साथ थांबते', असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातले ५० टक्के (१ वजा १/२) बरोबर आहेत, 'थांबते' चूक आहे.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये मांडलेल्या साथीच्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) आकडे घालून पाहा. वस्ती एक लाखाची, सुरुवातीला प्रतिकारशक्ती कुणालाच नाही. बरे झालेले धरून एकूण लागण झालेले ५०,००० वर पोचतात, तेव्हा एक रुग्ण सरासरी एकालाच रोग देत असतो. हा साथीचा कळस, शेवट नव्हे! त्या दिवशी सुमारे १५,३०० जण आजारी असतात. पुढे प्रत्येक जण सरासरी एकाहून कमी लोकांना रोग देतो, पण देणारेच इतके असतात की उतरणीवर आणखी जवळपास ३०,००० जण सापडतात. एकूण लागण ७९,७०० च्या घरात जाते.

रोग शिरण्याआधीच लसीने निम्म्यांना पक्की प्रतिकारशक्ती मिळाली असेल, तर मात्र साथ पेटतच नाही, कारण तेव्हा आजाऱ्यांचा साठाच नसतो.

हे प्रतिमान सगळे लोक सारखे मिसळतात असं धरतं. प्रत्यक्षात तसं नसतं, त्यामुळे आकडे बदलतात; उतरणीवरची लागण मात्र टळत नाही.