वार्षिक सर्वसाधारण सभा (धर्मादाय संस्थांची)

वर्गणीदार सभासदांच्या बळावर चालणाऱ्या धर्मादाय संस्थेचे कार्यकारी मंडळ वर्षातून एकदा सर्व सभासदांपुढे कामाचा अहवाल व जमाखर्च मांडून मंजुरी घेते, त्या सभेस वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणतात. महाराष्ट्रात ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या जुन्या ग्रंथसंस्थांपासून गावोगावच्या शिक्षणसंस्थांपर्यंत हा प्रघात आढळतो. अशा संस्था बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. मात्र नोटीस किती दिवस आधी काढावी आणि गणपूर्तीस, म्हणजे सभा वैध ठरण्यापुरत्या किमान हजेरीस, किती सभासद लागावेत, हे मुख्यतः संस्थेची स्वतःची घटना ठरवते. म्हणून सभेत बोलू इच्छिणाऱ्याने अहवालाच्याही आधी घटनेची प्रत मिळवावी.

मताचा हक्क वर्गणीशी बांधलेला आहे. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि सभासदांत त्याची गणनाही होत नाही; निवडणुकीच्या वर्षी जुन्या थकबाकीदारांना वर्गणीची अचानक आठवण होते ती यामुळेच.

कामकाजाची सुरुवात मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याने होते. इतिवृत्त कायम करणे म्हणजे नोंद बरोबर आहे एवढेच मान्य करणे. त्या वेळचा निर्णय पुन्हा चर्चेस घेणे नव्हे. हा भेद न कळल्याने सभेचा पहिला अर्धा तास पुष्कळदा वाया जातो. त्यानंतर अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंद, अंदाजपत्रक, हिशेबतपासनिसाची नेमणूक आणि मुदत संपली असल्यास निवडणूक असे विषय येतात. प्रत्येक ठरावास सूचक व अनुमोदक लागतो. ताळेबंद मात्र मागच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा आवाज उठताच पुढे सरकतो, आणि सभासदाच्या हातात खरे काही असेल तर ते नेमके याच पानावर असते : वर्षानुवर्षे न हलणारी 'येणे' रक्कम, फुगलेला 'किरकोळ खर्च', विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणगीतील शिल्लक. असे प्रश्न आधी लेखी दिलेले बरे, कारण आयत्या वेळी विचारल्यास 'माहिती घेऊन कळवू' असे उत्तर मिळते आणि विषय संपतो.

गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवावी व तेव्हा गणपूर्तीची अट नसावी, अशी तरतूद अनेक घटनांत असते. सोय म्हणून ती ठीक आहे. पण तिच्यामुळे शेकडो सभासदांच्या संस्थेचे निर्णय पंधरा-वीस जण घेऊ शकतात. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर एवढ्यावर भागत नाही. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन-पंचमांश सभासदांची मते मिळवावी लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो.

विश्वस्तांत बदल झाल्यास व्यवहारात 'चेंज रिपोर्ट' म्हणून ओळखला जाणारा बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. त्यावर हरकत आली, तर सभेतील भाषणांपेक्षा नोटीस पाठवल्याच्या टपाल-पावत्या आणि हजेरीपुस्तकातील सह्याच अधिक तपासल्या जातात.