स्मार्टफोनद्वारे कीटकांचे निकट छायाचित्रण

फोनच्या कॅमेऱ्याने, गरजेनुसार जोडभिंग लावून, काही सेंमी. अंतरावरून कीटक टिपण्याची पद्धती.

संवेदकावरील (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावरील) प्रतिमा वस्तूएवढी (१:१) असली तरच छायाचित्र ‘मॅक्रो’ म्हणावे, असा जुना दंडक आहे. तो ३६ × २४ मिमी. फिल्मच्या काळातील होय. फोनचा संवेदक बहुधा १० मिमी.हून अरुंद असतो. तेथे १:१ ची अट लावल्यास मोठा मुंगळाही चौकटीत मावणार नाही. उलट ३६ मिमी. रुंदीचे दृश्य फोनवर टिपताना विशालन (प्रतिमा व वस्तू यांच्या आकारांचे गुणोत्तर) जेमतेम पाव पट भरते, तरी तपशील पुरेसा मिळतो. त्यामुळे फोनच्या बाबतीत विशालनाऐवजी दृश्यक्षेत्राची रुंदी सांगणे अधिक ग्राह्य वाटते.

फोनला चिमट्याने अडकवायची जोडभिंगे साधारण २०११ पासून प्रचारात आली. विशालकोनी कॅमेऱ्यालाच जवळ केंद्रित करण्याची सोय हुआवे मेट २० प्रो (२०१८, २.५ सेंमी.) व आयफोन १३ प्रो (२०२१, २ सेंमी.) यांत आढळते. स्वस्त फोनमधील २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा कीटकांसाठी फारसा उपयोगी नाही.

फोनचे केंद्र (फोकस) अनंतावर, म्हणजे अतिदूर, असताना जोडभिंगापासून कीटकाचे अंतर त्या भिंगाच्या नाभीय अंतराइतके (फोकल लेंग्थइतके) असते. फोनच्या भिंगाचे नाभीय अंतर ६ मिमी. व जोडभिंगाचे ३० मिमी. असल्यास विशालन ०.२ पट मिळते. १५ मिमी.च्या भिंगाने ते दुप्पट होते. मात्र अंतरही निम्मे झाल्याने फोनची सावली कीटकावर पडते आणि तुडतुड्यासारखा कीटक उडून जातो. त्यापेक्षा तेच ३० मिमी.चे भिंग टेलिफोटो (दूरचे मोठे दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यावर लावावे. अंतर तेवढेच राहून दृश्यक्षेत्र अरुंद होते.

चिमटा किंचित सरकला किंवा फोनचे कव्हर जाड असले, तर कडा काळवंडतात व धूसर होतात. मंद प्रकाशात फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो, त्यामुळे जोडभिंग निरुपयोगी ठरते. प्रो मोडमध्ये (स्वतः नियंत्रण करण्याच्या पर्यायात) कोणता कॅमेरा वापरायचा ते पक्के करावे. स्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तेवढे अंतर) काही मिमी.च असते. म्हणून चतुर किंवा टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) टिपताना फोन शरीराला समांतर धरावा, केंद्र कुलूपबंद करावे आणि फोनच मागेपुढे हलवत सलग चित्रे घ्यावीत. वाऱ्यात १/२५० सेकंद वा त्याहून जलद शटरवेग लागतो. एलईडी दिव्याने भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरे डाग उमटतात. दिव्यावर बटर पेपर धरल्यास ते सौम्य होतात.

पहाटेच्या गारव्यात कीटक संथ असतात, तीच वेळ उत्तम. कीटक फ्रिजमध्ये ठेवून टिपणे सर्वथा टाळावे. तो दगावू शकतो आणि त्याची ठेवणही नैसर्गिक राहत नाही.

ओळख पटवण्यासाठी पाठ, बाजू व चेहरा यांची वेगवेगळी चित्रे आणि खाद्यवनस्पतीचे एक चित्र घ्यावे.