जेवण झाल्यावर लगेच सोफ्यावर बसू नका राव

आत्ता या घडीला तुमच्या अख्ख्या रक्तात मिळून साखर किती असेल, काही अंदाज? सत्तर किलोच्या धडधाकट माणसात, उपाशीपोटी, साधारण ४ ग्रॅम. चहाचा एक चमचा, तोही सपाट. पाचेक लिटर रक्तात एवढीच. आता आपल्या घरचं रात्रीचं साधं जेवण बघा, तीन पोळ्या आणि वर वाटीभर भात, फार काही खाल्लं असं कुणी म्हणणार नाही, पण एवढ्यातच अंदाजे १०० ग्रॅम कार्ब्ज पोटात गेले आणि त्यातले बहुतेक पचून शेवटी ग्लुकोजच होणार. म्हणजे जिथे ४ ग्रॅम असायला हवेत तिथून दोन-तीन तासांत १०० ग्रॅम पुढे सरकवायचेत आणि तरी आकडा फार वर जाऊ द्यायचा नाही. निरोगी शरीर हे काम रोज दोन-तीनदा बिनबोभाट करतं म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

ही साखर जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. थोडी मेंदू आणि बाकीचे अवयव वापरतात, थोडी लिव्हर साठवून ठेवतं, पण लिव्हरची साठवायची ऐपत १०० ग्रॅमच्या आसपासच. त्याच्या तीन-चार पट साखर मावते स्नायूंमध्ये, म्हणजे मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड. त्यामुळे जेवणानंतर साखर चढते की नाही हे पोटापेक्षा पायांवर जास्त अवलंबून आहे असं मी म्हटलं तर हसू नका.

आणि इथेच आपल्या लोकांची गोची आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचेच दोन फोटो शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. बघायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसरांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखेच, आतून मात्र एकदम वेगळे. आपल्याकडे हे जन्मापासूनच सुरू होतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या टीमने जो अभ्यास केला त्यात तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, पण ही तूट जास्त करून स्नायू आणि पोटातल्या अवयवांची होती, कातडीखालची चरबी बऱ्यापैकी शाबूत. म्हणून "मी कुठे जाडा आहे" हे वाक्य आपल्याकडे फारसं कामाचं नाही. बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्यासाठी ते जास्त वजन, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० च्या पुढे गेली की लक्ष द्यायचं. पॅन्टचा साइझ बघून समाधान मानू नका, बरेच जण पोटाच्या खाली पट्टा बांधतात, टेप बेंबीच्या जवळून फिरवा.

बरं, स्नायू साखर आत घेतात कशी? स्नायूच्या पेशीत ग्लूट-४ नावाचं प्रोटीन असतं, ते एरवी पेशीच्या आत पडून असतं, इन्सुलिन हे हार्मोन आलं की ते पेशीच्या भिंतीवर येतं आणि तिथून ग्लुकोज आत शिरतं. प्रीडायबेटीसमध्ये, म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर, आणि टाइप टूमध्ये, म्हणजे बहुतेकांना होतो त्या डायबेटीसमध्ये, नेमकी हीच गडबड होते, इन्सुलिन हाका मारतंय पण पेशी ढिम्म. पण स्नायूंना एक मागचं दार पण आहे. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे तुम्ही नुसतं चाललात तरी, हे ग्लूट-४ इन्सुलिनची वाट न बघता भिंतीवर येतं. आणि डायबेटीस असलेल्यांमध्येही हा रस्ता बराचसा चालू राहतो. ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते, कारण औषध कंपन्या ज्या पेशीला ऐकायला लावायला अब्जावधी खर्च करतात ती पेशी दहा मिनिटं चाललं की आपणहून साखर उचलायला लागते.

मग चालायचं कधी? सकाळी सहाला उठून टेकडीवर जाणारे थोर आहेतच, त्यांना नमस्कार, त्यांनी सोडू नये. पण साखरेचा लोंढा येतो जेवल्यावर, अर्ध्या ते एक तासात तो सगळ्यात वर असतो (डायबेटीसवाल्यांमध्ये अजून थोडा उशिरा), आणि त्या वेळी आपण नेमके सोफ्यावर असतो. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी टाइप टू डायबेटीसच्या ४१ जणांवर हे करून बघितलं आणि २०१६ मध्ये छापलं. एका टप्प्यात त्यांना सांगितलं की दिवसात कधीही ३० मिनिटं चाला, दुसऱ्या टप्प्यात सांगितलं की प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला. एकूण वेळ तेवढाच, माणसं तीच. जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी! रात्रीच जास्त फरक का, तर त्यांचं रात्रीचं जेवण कार्ब्जने सगळ्यात भरलेलं होतं आणि त्यानंतर लोक सगळ्यात जास्त बसून राहायचे. ओळखीचं वाटतंय ना?

शतपावलीचं आपल्या आजी-आजोबांनी सांगून ठेवलंय, पण शंभर पावलं म्हणजे बऱ्या स्पीडने जेमतेम एक मिनिट होतं हो. हॉलमधून गॅलरीत आणि परत असं चार वेळा केलं आणि "झाली शतपावली" म्हणून टीव्ही लावला, त्याने काही व्हायचं नाही. हजार-दीड हजार पावलं धरा.

आमच्या सोसायटीत रात्री साडेनऊनंतर पार्किंगमध्ये एक घोळका फिरत असतो. काका लोक पुढे, एकाच्या हातात मोबाइल, स्पीकरवर राजकारण फुल आवाजात, मागे दोघी-तिघी काकू गाऊनवर ओढणी टाकून, मधेच एका स्कूटरपाशी सगळे थांबतात, कुणाच्या तरी पाण्याच्या मीटरवर चर्चा होते, मग परत चालू. फिटनेसवाली पोरं याला हसतात कारण कुणाला घाम येत नाही. पण जेवणानंतर घाम यायलाच हवा असं काही नाहीये, भरल्या पोटी जोरात चालून उलट अस्वस्थ वाटेल, बोलता येईल एवढ्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं पाय हलत राहिले की बास. फक्त तो घोळका नंतर कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याकडे वळतो तेवढं सोडलं तर त्यांचं सगळं बरोबर चाललंय.

घरात ग्लुकोमीटर असेल तर हे स्वतः बघता येतं. एके रात्री नेहमीचं जेवा, बसून राहा, एका तासाने बोट टोचा. दुसऱ्या रात्री तेच जेवण तेवढंच, पण जेवून चालून या आणि जेवणानंतर तेवढ्याच वेळाने टोचा. आमच्याकडे बाबा हे आकडे कालनिर्णयवर लिहितात, दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच, आणि आई म्हणते हिशोबाचा घोळ होतो. पण डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगून जे झालं नाही ते त्या आकड्यांनी झालं, आता जेवल्यावर चप्पल शोधायला कुणी सांगावं लागत नाही. एकदोन आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका मात्र, ग्लुकोमीटर थोडाफार वर-खाली दाखवतोच.

आता ताटाकडे येऊ. काय खावं यावर इतकं बोलून झालंय की मी त्यात पडत नाही, मी म्हणतो कुठल्या क्रमाने खाता ते बघा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली एक छोटासा प्रयोग झाला, फक्त ११ जण, सगळे टाइप टूवाले. जेवण एकच, ब्रेड, संत्र्याचा ज्यूस, चिकन आणि भाज्या. एकदा ब्रेड-ज्यूस आधी आणि पंधरा मिनिटांनी चिकन-भाज्या, एकदा उलटं. भाज्या-प्रोटीन आधी खाल्ल्यावर अर्ध्या तासाने साखर २९ टक्के कमी आणि तासाभराने ३७ टक्के कमी. प्रयोग छोटा आहे हे खरं, पण कारण समजण्यासारखं आहे, फायबर, प्रोटीन आणि फॅट आधी पोटात गेले की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मागून आलेला स्टार्च हळूहळू पुढे सरकतो.

आणि आपली पंगत? मूद भाताची, त्यावर वरण, तूप, लिंबू, सुरुवातच भाताने, आणि शेवटही ताकभाताने! कोशिंबीर बिचारी डाव्या बाजूला चटणीशेजारी चमचाभर, शोभेला. मला वरणभात आवडतो, तो बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही, पण रोजच्या जेवणात आधी वाटीभर काकडीची नाहीतर गाजराची कोशिंबीर, मग मटकीची उसळ किंवा भाजी, जे मासे-अंडी खातात त्यांनी ते, आणि मग पोळी, भात शेवटी. दोन घास इकडे-तिकडे झाले तर काही बिघडत नाही. यात एक गंमत अशी होते की भातापर्यंत येईतो पोट बऱ्यापैकी भरलेलं असतं आणि दुसऱ्यांदा भात कुणी मागत नाही.

मिलेटचं सध्या फार चाललंय म्हणून त्यावर थोडं. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगलीच आहेत, फायबर आहे, नाचणीत कॅल्शियम आहे, भाकरी मला पोळीपेक्षा आवडते. पण आयसीएमआर-इंडियाब नावाचा जो मोठा देशव्यापी अभ्यास आहे त्याचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, त्यात दिसलं की आपल्या देशात लोकांच्या कॅलरीज सरासरी ६२ टक्के नुसत्या कार्ब्जमधून येतात, आणि मैदा-पांढरा तांदूळ काढून त्याजागी गव्हाचं किंवा मिलेटचं पीठ आणलं पण एकूण कार्ब्ज तेवढेच राहिले तर डायबेटीसचा धोका कमी झालेला दिसत नाही. कार्ब्जचा थोडा वाटा काढून तिथे प्रोटीन आणलं तर मात्र धोका कमी दिसतो. म्हणजे तीन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या हा काही उपाय नाही, दोन भाकऱ्या आणि उसळ दुप्पट, हा उपाय आहे. मिलेटची बिस्किटं तर सोडूनच द्या, मागचं लेबल वाचलं की कळतं त्यात मैदा आणि साखर किती वर लिहिलेली असते.

प्रोटीनचा हिशोब पण एकदा करून बघा. किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम हा आपल्याकडचा शिफारस केलेला आकडा, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात. बायका घरात शेवटी जेवतात आणि उसळ तोवर संपलेली असते, त्यांच्या ताटात उरतात पोळी आणि भात, याबद्दल हेल्थवाले इन्फ्लुएन्सर कधी बोलताना दिसत नाहीत.

स्नायू साखर ठेवायची जागा असेल तर ती जागा वाढवणं हेही आलंच, आणि त्याला नुसतं चालणं पुरत नाही. जिमच पाहिजे असं नाही, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा-बारा वेळा, थोडं थांबून परत, आठवड्यातून दोन-तीन दिवस. जुन्या तालमीतल्या बैठकांचीच ही सोपी आवृत्ती. वय वाढतं तसे स्नायू आपोआप झिजत जातात, त्यामुळे साठीच्या लोकांना याची गरज पोरांपेक्षा जास्त आहे, आणि आपल्याकडे साठीनंतर सगळे म्हणतात "आता आराम करा".

हिंजवडीतल्या आयटीवाल्यांसाठी अजून एक. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या टीमने २०१२ मध्ये १९ जाड्या लोकांना पाच तास बसवून ठेवलं. दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं हळू चाललं तरी साखरेची चढण सलग बसण्यापेक्षा २४ टक्के कमी भरली. तेव्हा पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नका, ग्लास ठेवा, उठावं लागेल.

आता सगळ्यात निराश करणारी गोष्ट म्हणजे वजन. महिनाभर चालतात, काटा हलत नाही आणि सोडून देतात. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने प्रीडायबेटीस असलेल्या ५३१ लोकांवर अभ्यास केला होता, २००६ मध्ये तो आला. काही न करणाऱ्या गटातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत डायबेटीसमध्ये गेले, आहार आणि रोजचं चालणं सांभाळलेल्या गटात ३९ टक्के, म्हणजे डायबेटीसवर देतात त्या मेटफॉर्मिन गोळीच्या जवळपास तेवढाच फायदा. आणि मुख्य म्हणजे चालणाऱ्या गटाचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं. फायदा झाला तो झालाच. म्हणून काट्यापेक्षा कंबरेचा टेप आणि एचबीएवनसीचा (म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा) रिपोर्ट बघा, तोही तीन महिन्यांनी, दर आठवड्याला लॅबमध्ये पळू नका.

पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा ओट्यापाशी उभं राहून भांडी घासा, जिन्याने दोन मजले वर-खाली करा, गुडघे दुखत असतील तर भिंतीला धरून टाचा उचला आणि ठेवा. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलून घ्यायचं, कारण चालल्यावर साखर जास्तच खाली येऊ शकते, हातपाय थरथरले, घाम सुटला तर थांबून लगेच काहीतरी गोड खायचं, खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. पायाला बधिरपणा असेल तर घरातही अनवाणी चालू नका, टाचणी टोचली तरी कळत नाही. आणि जेवून चालताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर त्याला गॅस समजून ओवा चघळत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, आणि बसल्यावरही दाबणं थांबलं नाही तर थेट हॉस्पिटल गाठायचं.