संकल्पस्वातंत्र्य

माणूस जे ठरवतो ते खरोखर तोच ठरवतो का, की आधीच्या कारणांनी ते कधीच ठरून गेलेले असते, या प्रश्नाशी निगडित तत्त्वज्ञानातील संकल्पना. ‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्दही मराठीत याच अर्थाने चालतो. पण इच्छा मनात आपोआप उमटते, संकल्प मात्र करावा लागतो. म्हणून ‘संकल्पस्वातंत्र्य’ अधिक नेमका.

हा पेच आपल्या रोजच्या बोलण्यातही आहे. ‘मला राग आला’, ‘मला सुचले’, ‘मला वाटले’ या वाक्यांत बोलणारा कर्ता नसतो. राग येतो, विचार सुचतो आणि ते त्याच्या वाट्याला येते. ‘मी ठरवले’ म्हणताना मात्र तो पुढे होऊन कर्तेपण घेतो. काही बिघडले की पुन्हा ‘माझ्या हातून झाले’, ‘तशी बुद्धी झाली’ असे म्हणून मागे सरतो. पाणिनीने कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) अशी केली आहे. पण वैयाकरणांच्या मते हे स्वातंत्र्य बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय म्हणायचे आहे यावर, अवलंबून असते. ‘पातेले शिजवते’ असे म्हटले तर पातेलेही कर्ता होते. माणसाचे कर्तेपणही असेच बोलण्यापुरते आहे का, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न.

भारतात माणसाच्या कर्तेपणाला सर्वांत रोखठोक नकार दिला तो आजीवक या नियतिवादी श्रमण पंथाने. बुद्धाचा समकालीन मक्खलि गोसाल याच्या मते पुरुषाचा प्रयत्न, बळ, पराक्रम असे काही नसतेच. सारे नियतीने घडते. फेकलेला सुताचा गुंडा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव आपला ठरलेला फेरा पुरा करतो. बौद्धांनी आणि जैनांनी या मताला कडाडून विरोध केला, कारण ते मानले तर साधनेला अर्थच उरत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात दोन्ही सूर अगदी जवळजवळ येतात. ‘तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील’ असे अर्जुनाला बजावल्यावर चारच श्लोकांनी ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे तुला वाटेल तसे कर, असे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनी हा पेच टाळला नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच योजले. बुद्धी कर्माच्या मागून चालत असेल, तर वाईट कर्माने बिघडलेल्या बुद्धीला चांगले सुचणार तरी कसे, ही अडचण तिथे आहे. टिळकांचे उत्तर असे की देह, इंद्रिये आणि बुद्धी प्रकृतीच्या म्हणजे कर्माच्या कक्षेत येतात, आत्मा येत नाही. मोक्षाकडे वळण्याची प्रेरणा त्याची स्वतःची असते. आत्मा न मानणाऱ्या वाचकाला हे पटणार नाही. तरीही अडचण इतक्या स्वच्छपणे मांडण्यातच या प्रकरणाचे मोठेपण आहे.

लोकपरंपरेने या दोन सुरांतून एक निवडला नाही. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणारे तुकाराम महाराज ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ असेही म्हणतात, आणि दोन्ही ओळी एकाच घरात म्हटल्या जातात.

युरोपात या वादाला भौतिकशास्त्राने धार आणली. विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरील बले जाणणाऱ्या बुद्धीला सारे भविष्य दिसेल, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये लिहिले. त्याच्या आधी डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने म्हटले होते की हवेत भिरकावलेल्या दगडाला जाणीव असती तर आपण स्वेच्छेने चाललो आहोत असेच त्याला वाटले असते. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने मात्र कारणे आणि स्वातंत्र्य यांत भांडण नाही असे मानले: बेडी नसताना, आपल्या इच्छेप्रमाणे वागता येणे हेच स्वातंत्र्य. पुंजयामिकीतील, म्हणजे सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्रातील, अनिश्चिततेचा आधार काहीजण घेतात. पण फाशांसारखे पडलेले दान म्हणजे माझा निर्णय नव्हे.

प्रयोगशाळेतील वाद अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाने पेटला. मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि तसे करावेसे वाटले त्या क्षणी समोरच्या तबकडीवर फिरणारा ठिपका कुठे होता ते सांगायचे, एवढेच काम. मेंदूतील ‘सज्जता-विभव’, म्हणजे हालचालीच्या तयारीचा विद्युतसंकेत, हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी चढू लागे. इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी होई. म्हणजे मेंदूने आधीच ठरवले, असा अर्थ अनेकांनी काढला. खुद्द लिबेट यांनी तो पूर्णपणे स्वीकारला नाही; उरलेल्या वेळात मन नकार देऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मेंदूतील यादृच्छिक चढउतार एका उंबरठ्यापाशी पोचले की हालचाल होते, असे धरले तरी तसाच आलेख मिळतो. मग त्यात आधीचा ‘निर्णय’ शोधण्याचे कारण उरत नाही. शिवाय मनगट कधी हलवावे याला काहीच कारण लागत नाही. शेत विकावे की नाही यावर माणूस महिनोन्‌महिने विचार करतो, घरच्यांशी बोलतो, एकदा ठरवलेले मोडतो. एकाचे माप दुसऱ्याला लावणे मला चुकीचे वाटते.

कायद्याला अंतिम उत्तराची वाट पाहत थांबता येत नाही. मनोविकृतीमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर असल्याचे कळत नसेल, तर तो गुन्हा नव्हे, असे भारतीय दंडसंहितेचे कलम ८४ सांगत होते. भारतीय न्याय संहितेत तेच कलम २२ झाले. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे ताबा सुटला, तर खुनाचा आरोप सौम्य होतो. मुंबईच्या नानावटी खटल्यात बचाव पक्षाची एक भिस्त यावरच होती. प्रेम आहुजांशी संबंध असल्याची पत्नीची कबुली ऐकल्यावर नौदल अधिकारी नानावटी यांनी कुटुंबाला चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग आहुजांचे घर गाठून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा बचाव फेटाळला: घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, आणि स्वतःवर ताबा मिळवायला तेवढा वेळ पुरेसा होता.